तुम्ही विचारलंत म्हणून : नागपुरात शिडाची होडी काहून?

लग्नातल्या पंगतीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, पेट्रोल पंपावर ट्रेलरभोवती फेरी मारून आलेल्या अनोळखी माणसाकडून, मला एकच प्रश्न येतो. "मॅडम, नागपुरात समुद्र कुठं आहे? शिडाची होडी काहून घेतली?" थोडं बोलणं झालं की दुसरा येतो, जरा हळू आवाजात. "जुनी घेऊन दुरुस्त करणं आपल्यासारख्याला जमते का?"

पहिल्याचं उत्तर लहान आहे. दोन्हीकडचे समुद्र नागपूरहून पाचशे किलोमीटरच्या पलीकडे आहेत, हे खरंच. पण शिडाला समुद्र लागत नाही. मोकळं पाणी आणि वारा लागतो. रामटेकच्या पायथ्याशी खिंडसी तलाव आहे, तेवढं मला पुरतं. मी शिकलेसुद्धा हैदराबादला, शहराच्या मधोमध असलेल्या हुसेन सागरावर, जिथे सागर फक्त नावात आहे. आठवडाभर चुलतभावाकडे राहून शिकले आणि परत आले तेव्हा ते डोक्यातून जाईना.

दुसरा प्रश्न मात्र मला मनापासून आवडतो. त्याचं उत्तर द्यायला मला दोन उन्हाळे लागले.

माझी होडी 'एंटरप्राइझ' या जातीची. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकानं 1956 साली ती आखली. लांबी 4.04 मीटर, म्हणजे सव्वातेरा फूट. दोन माणसं, दोन निळी शिडं, प्लायवूडचं कवच. तळाच्या फटीतून खाली सोडायची एक फळी असते, सेंटरबोर्ड. वारा बाजूनं ढकलतो तेव्हा हीच फळी होडीला आडवं सरकू देत नाही. ती वर ओढून घेतली की होडी गुडघाभर पाण्यात येते आणि सरळ ट्रेलरवर चढते. काठाला कायम बांधून ठेवायची सोय नसलेल्या गावात हाच गुण सगळ्यात मोठा.

फेब्रुवारी 2023 मध्ये हैदराबादच्या एका कुटुंबाकडून ती 40 हजारांना घेतली. मृग बहाराची संत्री तिकडे उतरवून रिकाम्या परतणाऱ्या आयशरमध्ये आली. डोलकाठी केबिनवरून पुढे काढून तिच्या टोकाला लाल फडकं बांधलं होतं. मानेवाडा रोडवरच्या आमच्या अंगणात ती उतरली तेव्हा गल्लीतली सगळी पोट्टी गोळा झाली. पांढरी, चकचकीत दिसत होती. मी रंग बघून घेतली होती, आणि घेणाऱ्यानं करू नये ते नेमकं हेच.

आमच्या भागात एक भाऊ फायबरचे कूलर आणि टाक्या बनवतात. मार्च सुरू झाला की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. फायबरचं काम त्यांच्याकडून शिकावं म्हणून मी त्यांना बोलावलं. त्यांनी होडीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातला स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीनं तळावर ठोकत निघाले. टक, टक, टक, टक, मग भद्द. पुन्हा टक, टक, भद्द, भद्द. जिथे भद्द आवाज आला तिथे खडूनं गोल. अर्ध्या तासात माझ्या पांढऱ्या होडीवर अकरा गोल झाले. मग त्यांनी टोच्या मागितला. सेंटरबोर्ड ज्या खोक्यात वर-खाली होतो त्या पेटीजवळच्या गोलात तो लोण्यात जावा तसा गेला.

"ताई, वरून फायबर मारलं कोणीतरी. आत लाकूड पाणी पेऊन राहिलं. आता थे पाणी जाईल कुठं? आतच राहीन ना."

दोन उन्हाळ्यांत मी जे काही शिकले, त्याचं मूळ या वाक्यात आहे. लाकडी होडी पाण्यात राहून कुजत नाही, तिच्यात पाणी अडकून राहिलं म्हणजे कुजते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणारी बुरशी धरते. त्यातही पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा वाईट, कारण मीठ बुरशीला रोखतं. माझी होडी आधी कधीतरी गळू लागली असणार. कोणीतरी गळती न शोधता बाहेरून फायबरचा थर दिला. गळती थांबल्यासारखी दिसली, आणि आतून आलेलं पाणी त्या थराच्या मागे बसून राहिलं.

गळती शोधायची भाऊंची रीत कूलरचीच होती. होडी दोन घोड्यांवर, म्हणजे लाकडी टेकूंवर, सरळ ठेवली, आत चार बोटं पाणी भरलं, त्यात कपड्यांची नीळ कालवली आणि खाली जुनी पांढरी चादर अंथरली. सकाळी चादरीवर सात निळे डाग होते. प्रत्येक डागाच्या वर एक कारण होतं: सुटलेला सांधा, मोकळा झालेला स्क्रू, पेटीच्या तळाची फट. चार बोटांपेक्षा जास्त पाणी मात्र भरू नका. पाण्याचं वजन फार असतं आणि तळाखाली घोडे दोनच असतात.

मग सगळं सोलून काढलं, उघडं केलं. आणि इथे नागपूर कामाला आलं. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवेत ओलावा म्हणून काही उरत नाही, ओठ फुटतात, दारं आकसतात. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत लाकूड वाळवायला लोकांना दिवे आणि पंखे लावावे लागतात. माझं नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, अंगणातल्या सावलीत वाळलं. उन्हात नाही, सावलीत; उन्हात प्लाय तडकतो. होडी दुरुस्त करायला आपल्या गावासारखं गाव नाही, हे मी अगदी गंभीरपणे सांगते. आणि लाकडाच्या बाजाराचं लकडगंज आहे. काठाच्या पट्टीसाठी बल्लारशाच्या सागवानाची सरळ रेषांची फळी मी तिथेच निवडली. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ते ॲसिटोननं पुसून घ्यावं लागतं, नाहीतर सांधा वर्षभरात सुटतो.

त्या पहिल्या उन्हाळ्यात मी एक मोठी चूक केली. घाईनं दोन भोकांवर प्लाय बसवला आणि कूलरला लावतात तेच पॉलिएस्टर रेझिन लावलं. भाऊंनी बजावलं होतं, "हे फायबरले फायबर धरते, लाकडाले नाही धरत." जुलैत नखानं ओढला तसा थर निघून आला. लाकडाला इपॉक्सी हे दुसरं रेझिनच हवं. तिचं मोजमापही वेगळं. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव, अगदी थोडा पडतो, थोडा इकडेतिकडे झाला तर चालतं. इपॉक्सीत डब्यावर दिलेलं प्रमाण ग्रॅमवर पाळावं लागतं. हार्डनर जास्त घातला म्हणून ती लवकर सुकत नाही, ती कायमची चिकट राहते. माझ्याकडे आता स्वयंपाकघरातला वजनकाटा नाही, तो होडीचा झाला. पॉलिएस्टर वापरणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण जिवाची: कोबाल्ट (रेझिन लवकर चढावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण मिसळायचा, मग वेगळ्यानं हार्डनर.

22 सप्टेंबर 2023 ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. रात्रभर पाऊस कोसळला, पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी रस्त्यांवर आली. माझी मावशी डागा लेआउटला राहते. पहाटे तिचा फोन आला, घरात कमरेपर्यंत पाणी, ती आणि काका जिन्यावर. माझ्या अंगणात होडी पालथी पडलेली, तळाला हात जाईल एवढी दोन भोकं. बचाव पथकाच्या रबरी बोटीनं त्या दोघांना काढलं. तेव्हापासून मला हेही विचारतात, "तुमच्याकडे होडी होती ना, मग?" होती, पण तिला तळ नव्हता. आणि तळ असता तरी अशा ओढीच्या पाण्यात, विजेच्या तारांखालून, डोलकाठीची होडी न्यायची नसते. मी त्या दिवशी मावशीच्या घरातला गाळ काढला. भिंतींना ओल धरली होती आणि मावशी म्हणत होती, लवकर रंग मारून घेऊ, दिवाळी आली. मी तिच्या पाया पडून थांबवलं. भिंतींचा पोपडा खरवडून उघड्या ठेवल्या. जानेवारीत रंग दिला.

दुसऱ्या उन्हाळ्यात काम नीट झालं. प्लाय 6 मिलिमीटरचा, आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली लावतात तोच, मिळायला सोपा. ठिगळ नुसतं टेकवून चालत नाही. दोन्ही कडा तिरप्या तासायच्या, जाडीच्या आठपट लांबीचा उतार, म्हणजे 6 मिलिमीटरला 48. तिरप्यावर तिरपा बसला की सांधा मूळ फळीइतका बळकट होतो. पहिला उतार काढायला मला चार दिवस लागले, शेवटचा एका सकाळी झाला. प्लायचे थर उतारावर पट्ट्यांसारखे दिसतात. पट्ट्या सरळ आणि सारख्या आल्या की रंधा बरोबर चालला. असला साधा पुरावा हाताखाली मिळणं, यासारखं सुख मला पंचवीस वर्षं शिकवूनही क्वचित मिळालं.

उष्णतेशी मात्र भांडावं लागलं. पारा दहा अंश चढला की इपॉक्सीला मिळणारा वेळ जवळपास निम्मा होतो. स्टीलच्या ग्लासात अर्धा पाव कालवली तर पाच मिनिटांत ती धुरावते. म्हणून पसरट ताटलीत, शंभर ग्रॅमच्या वर नाही, आणि सावकाश चढणारा हार्डनर. वेळेचाही धडा मिळाला. मी आधी पहाटे पाच वाजता थर देत होते, गारवा असतो म्हणून. सूर्य वर आला की थरावर बारीक फोड. लाकूड तापतं, त्याच्या रंध्रांतली हवा फुगते आणि ओल्या थरातून बाहेर पडते. संध्याकाळी, लाकूड निवत असताना थर दिला की तेच लाकूड आत ओढून घेतं. मग शाळेतून येऊन चहा घ्यायचा आणि साडेसहाला अंगणात, असा नेम झाला. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वरून रंग हवाच.

बाकीचं थोडक्यात सांगते. डोलकाठीला धरणाऱ्या तारा जुन्या होडीत बघायच्याच नाहीत, सरळ बदलायच्या. वरून धड दिसणारी तार टोकाच्या दाबलेल्या नळीत आतून गंजलेली असते आणि ती सुटली की डोलकाठी माणसाच्या अंगावर येते. शिडाचं कापड धड होतं, शिवण गेली होती. ऊन आधी दोरा खातं. मंडपाची कापडं शिवणाऱ्या एका काकांनी पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं, नागमोडी टाक्यात, सगळ्या शिवणी पुन्हा घातल्या. ट्रेलरचे बेअरिंग नवे. ट्रेलरलाही गाडीसारखी नोंदणी लागते, ती आधी करा. आणि तलावावर पोचल्यावर अर्धा तास थांबा. रस्त्यानं तापलेली चाकं तशीच गार पाण्यात उतरवली तर आतली हवा आकसते आणि पाणी थेट बेअरिंगमध्ये ओढलं जातं. होडीच्या किमतीशिवाय मला लाखभर रुपये लागले. तेवढे बाजूला नसतील तर 40 हजारांची होडी घेऊ नका.

तर, जमतं का? जमतं, जर तुम्हाला सोलायचा धीर असेल. नवी होडी मला तरंगायला मिळाली असती, पण तिच्या पोटात काय आहे ते कळलं नसतं. नाळेतली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकातली, हवेची पेटी पूर्वी बंद होती. मी तिला झाकण लावलं, होडी अंगणात असते तेव्हा ते उघडं असतं. प्रत्येक कोपऱ्यात, जिथे पाणी साठू शकेल तिथे, निघायला वाट ठेवली. नव्या थरांपेक्षा या वाटा काढायला मला जास्त वेळ लागला आणि होडी टिकली तर त्यांच्यामुळे टिकेल.

नोव्हेंबर 2024 मध्ये, एका रविवारी, परवानगी घेऊन ती खिंडसीत उतरवली. लाइफ जॅकेट घालून आधी काठाजवळ मुद्दाम उलटी केली आणि सरळ केली, तीनदा. हे केल्याशिवाय आत जाऊ नये. मग निळं शीड चढवलं. वारा रामटेकच्या टेकडीला वळसा घालून येतो, त्यामुळे दर दोन मिनिटांनी दिशा बदलत होता. सुकाणू हातात होतं, शिडाची दोरी ताणलेली, आणि तळाखालून पाण्याचा आवाज येऊ लागला. भाऊ पुढे बसले होते. ते शिडाकडे बघत नव्हते. वाकून, तळहात तळाला लावून, ते ओल चाचपत होते.

परत ट्रेलरवर घेतल्यावर मागचं बूच काढलं. अर्धा कप पाणी निघालं. सेंटरबोर्डच्या पेटीचा उजवीकडचा मागून तिसरा स्क्रू. पुढच्या शनिवारी तो काढला, भोक आठवडाभर उघडं ठेवलं, मग भरलं.