टिकली लावली, त्याची गोष्ट

हे गेल्यावर आरसा फक्त भांग पाडण्यापुरता उरला. फिकट साड्या, मोकळं कपाळ. सक्ती कुणी केली नव्हती, पण हळदीकुंकवाची बोलावणी आपोआप थांबली. पुढे पुढे बँकेच्या खिडकीपाशीसुद्धा तोंडातून शब्द फुटेना.

मे २०२२मध्ये आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांसाठीही परिपत्रक काढलं. छान वाटलं, पण परिपत्रक काही कपाळावर टिकली लावायला येत नाही!

ते काम धाकट्या जाऊबाईंनी केलं. "ताई, लावा हो. बघू कोण काय म्हणतंय ते." छोटी मरून टिकली, हातात काचेच्या चार बांगड्या. केसांना मेंदी मात्र मी माझ्या हौसेनं लावली. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलंच. मुरडू दे.

त्या महिन्यात बचत गटाचा हिशेब मी उभं राहून वाचला, खालमानेनं नाही. आता भाचीच्या लग्नासाठी अबोली रंगाची इरकल घेतलीय. ब्लाउज शिवायला टाकलाय, बाह्या कोपरापर्यंत सांगितल्यात.