ऑक्सिमीटरवर ९८

लेस्टरमधल्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. भाड्याने दिलेल्या घरांची देखभाल आमच्याकडे असते. त्यातल्या बऱ्याच घरांचे मालक इंग्लंडमध्ये राहत नाहीत आणि अलीकडे त्यांत पुण्या-नाशिकची मंडळीही दिसू लागली आहेत. त्यांच्या पहिल्या फोनवरचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, मग नवरा-बायको मिळून घेतलं तर कसं? परदेशात राहणाऱ्याला स्टॅम्प ड्यूटी २ टक्के जास्त का? मालक परदेशी असला की भाड्यातून २० टक्के कर आम्हाला कापून भरावा लागतो, तो कापला जाऊ नये म्हणून अर्ज कुठे करायचा? प्रश्न रास्त आहेत, आयुष्याची कमाई लावलेली असते. पण घरात काही बिघडलं आणि मालकाचा फोन लागला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा, हे क्वचितच कोणी विचारतं.

नाशिकच्या एका फिजिशियन डॉक्टरांचं घर आमच्याकडे आहे. एकाला एक लागून असलेल्या जुन्या विटांच्या घरांची रांग, त्यातलं मधलं, खाली दोन खोल्या आणि वर दोन. डॉक्टरांनी ते फोटो आणि व्हिडिओ पाहूनच घेतलं होतं. आमच्याशी झालेल्या करारात एक कलम होतं: ३०० पौंडांपर्यंतची दुरुस्ती आम्ही परस्पर करायची, त्यापुढे मालकाची लेखी संमती हवी. धोका असेल तर घर सुरक्षित करण्यापुरता खर्च आम्ही करू शकत होतो, पण नवीन वस्तू बसवायला परवानगी लागत होतीच.

गेल्या जानेवारीत एका सकाळी कचेरी उघडता उघडता तिथल्या भाडेकरू बाईंचा फोन आला. अलार्मची बॅटरी संपली आहे, पहाटेपासून ओरडतोय, बाळ झोपत नाही, म्हणून भिंतीवरून काढून मागच्या अंगणात ठेवलाय, नवी बॅटरी कधी आणून देता? बॅटरी संपली तर अलार्म मिनिटभराने एखादाच टिक् करतो. म्हणून मी विचारलं, आवाज कसा येत होता? त्या म्हणाल्या, जोरात चार, मग थोडं थांबून परत चार.

त्या बनावटीच्या अलार्ममध्ये चार टोल म्हणजे हवेत कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. मी त्यांना म्हटलं, हीटिंग बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाळाला घेऊन शेजारी जा, आता लगेच. तिकडे ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन नंबरवर मी स्वतःच फोन केला आणि गाडी काढली.

मी पोचले तेव्हा त्या आपत्कालीन सेवेचा माणूस येऊन मीटरपाशी गॅस बंद करून गेला होता. त्यांचं काम तेवढंच, दुरुस्ती ते करत नाहीत. मग आमचा गॅस सेफ नोंदणीचा, म्हणजे गॅसचं काम करायची अधिकृत परवानगी असलेला, मेकॅनिक आला. स्वयंपाकघरातल्या कपाटात बॉयलर होता, घर आणि पाणी गॅसवर तापवणारा. त्याच्या फ्ल्यूचा, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळीचा, सांधा सुटला होता. वायू बाहेर न जाता कपाटात साठत होता आणि तिथून जिन्यावाटे वरच्या झोपायच्या खोल्यांत चढत होता. बॉयलरही आतून गंजला होता. मेकॅनिकने त्यावर ‘तात्काळ धोकादायक’ची चिठ्ठी लावली आणि नवा बसवण्याचा २,६०० पौंडांचा अंदाज दिला.

गॅसच्या वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्र माझ्या फायलीत होतं, दहा महिन्यांपूर्वीचं, पूर्ण वैध. ते खोटंही नव्हतं. पण तपासणीच्या दिवशी बॉयलर कसा होता एवढंच ते सांगतं, पुढच्या थंडीचं काही सांगत नाही. दुरून घर सांभाळणारे मालक ईमेलमध्ये आलेल्या अशा कागदावर निर्धास्त होतात. त्यांना दुसरं काही दिसतच नाही, हे मला कळतं.

डॉक्टरांना मी तीनदा फोन लावला होता. नाशिकला दुपार उलटून गेली होती, ते ओपीडीत. शेवटी त्यांचाच फोन आला.

“ताई, दोन पेशंटच्या मध्ये आहे, पटकन सांगा.”

मी बॉयलरचं आणि रकमेचं सांगितलं.

“म्हणजे जवळजवळ तीन लाख! दुसरं कोटेशन घेतलंत का?”

“सर, घरात कार्बन मोनॉक्साइड भरला होता. आठ महिन्यांचं बाळ आहे त्या घरात.”

त्यानंतर पैशांचा विषय त्यांनी काढलाच नाही. “भाडेकरू आत्ता कुठे आहेत? कोणाचं डोकं दुखतंय? व्हिडिओ कॉल लावा.”

कुटुंब शेजारच्या घरात बसलं होतं. मी त्यांना आधीच म्हटलं होतं की दवाखान्यात जाऊन या. नवऱ्याने मला कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बायकोच्या बोटाला लावून दाखवला होता: ९८. सगळं ठीक आहे, बाळाला घेऊन थंडीत कशाला ताटकळत बसायचं, असं त्याचं म्हणणं. रात्रपाळी करून नुकताच आला होता बिचारा.

डॉक्टरांनी मोबाइलच्या पडद्यावरून बाईंना इंग्रजीत विचारलं, डोकं किती दिवसांपासून दुखतंय? आठवडाभर तरी. मळमळ? हो, सकाळी. आणि घराबाहेर पडल्यावर कसं वाटतं? त्या क्षणभर थांबल्या. “दुकानात गेले की बरं वाटतं. मला वाटलं, झोप होत नाही म्हणून असेल.”

“तो आकडा विसरा,” डॉक्टर म्हणाले. ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश सोडून मोजतो आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरल्यासारखंच दिसतं. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरून बसतो. रक्त तपासल्याशिवाय काही कळणार नाही. वर त्यांनी मला मराठीत बजावलं, “ताई, मोकळ्या हवेत जेवढा वेळ जाईल तेवढं प्रमाण उतरत जाईल, मग तपासणीत दिसणारही नाही. आत्ताच न्या. आणि बाळाचंही रक्त बघा म्हणावं.”

मी दोघांना आणि बाळाला लेस्टर रॉयल इन्फर्मरीत घेऊन गेले. बाईंच्या रक्तात प्रमाण वाढलेलं निघालं, बाळाच्याही थोडं. दोघांना मास्क लावून प्राणवायू दिला आणि रात्री उशिरा घरी सोडलं. घरी म्हणजे हॉटेलवर. हॉटेलचा खर्च डॉक्टरांनी दवाखान्याचं नाव ऐकताक्षणी मंजूर केला होता आणि नव्या बॉयलरची लेखी संमती दोन पेशंटच्या मध्येच कधीतरी पाठवून दिली होती. तिसऱ्या दिवशी घर गरम झालं.

त्या दिवशी आमचं नशीब की मालक डॉक्टर निघाले आणि त्यांचा फोन आला. ते विमानात असते तर? किंवा मालक कापडाचे व्यापारी असते आणि त्यांनी दुसऱ्या कोटेशनचा हट्ट धरला असता, तर मी २,६०० पौंडांसाठी ताटकळत बसले असते आणि ते कुटुंब जानेवारीत गरम पाण्याशिवाय. इथला १९८५चा घरमालक-भाडेकरू कायदा हीटिंग आणि गरम पाण्याची जबाबदारी मालकावर टाकतो, मालक नाशिकला असो की शेजारच्या गल्लीत.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी स्वतःहून करार बदलून मागितला. गॅस, वीज, हीटिंग आणि पाणी यांना खर्चाची मर्यादा नाही, आधी काम करा, मग मला कळवा. एका महिन्याचं भाडं आमच्याकडे कायम राखीव. आता परदेशातल्या प्रत्येक नव्या मालकापुढे मी हेच कलम ठेवते. काहींना ते पटत नाही, इतका अधिकार परक्याला कसा द्यायचा म्हणतात. त्यांचं घर आम्ही घेत नाही.