नवं ग्राफिक्स कार्ड आणि हजार मीटरवरचा सिग्नल

कार्ड बदलायचं पक्कं झालं ते एका पिवळ्या सिग्नलमुळे.

ट्रेन सिम वर्ल्ड २ या संगणकावर गाडी हाकायच्या खेळातला जर्मनीतला कोलोन–आखेन मार्ग, गाडी टॅलेंट २, वेग ताशी १६० किलोमीटर. या वेगाला गाडी सेकंदाला ४४ मीटर कापते. पुढची सूचना आगाऊ देणारा डिस्टंट सिग्नल मुख्य सिग्नलच्या साधारण १००० मीटर आधी असतो, म्हणजे तो ओलांडल्यापासून हातात जेमतेम २२ सेकंद उरतात. तो पिवळा असेल तर त्याच्याजवळच्या चुंबकावरून जाताच पीझेडबी ही जर्मन रेल्वेची सुरक्षा यंत्रणा जागी होते आणि ४ सेकंदांच्या आत दखल घेतल्याची कळ दाबली नाही तर सरळ इमर्जन्सी ब्रेक लागतो. नेमका त्याच ठिकाणी माझा पडदा थिजला, सुटला, परत थिजला. मी कळ दाबली तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक लागून गाडी शेतांच्या मधोमध उभी राहिली. सिग्नल मी पाहिलाच नव्हता. ८० टक्के रेझोल्यूशनवर, म्हणजे चित्र मॉनिटरपेक्षा कमी पिक्सेलमध्ये काढून ताणलेलं असताना, ४०० मीटर लांबचा सिग्नलचा दिवा एका पिक्सेलएवढाही भरत नाही, तो मागच्या झाडांत विरघळून जातो.

तेव्हापासूनच्या या नोंदी. जुनं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. नवं आरटीएक्स ३०६०, मेमरी १२ जीबी. बाकी मशीन तेच ठेवलं: प्रोसेसर कोअर आय५-८४००, १६ जीबी रॅम, १०८० पिक्सेलचा ६० हर्ट्झ मॉनिटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाचा गुण आला ते कळत नाही.

आधी मोजणी

नवं कार्ड खोक्यातून काढण्याआधी दोन संध्याकाळी फक्त मोजण्यात घालवल्या. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजणीची सॉफ्टवेअर लावून पडद्याच्या कोपऱ्यात चार आकडे आणले: फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं), कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी आणि फ्रेम-टाइमचा (एका चित्राला लागलेल्या वेळेचा) आलेख. चौथा सगळ्यांत महत्त्वाचा. फ्रेम रेट ही सरासरी असते आणि गचका सरासरीत लपतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात. पण मध्येच एखादी फ्रेम ३०० मिलिसेकंदांची आली तरी कोपऱ्यातला आकडा क्षणभर घसरून परत जागेवर येतो. आलेखात मात्र सुळका दिसतो. आणि १६० च्या वेगाला ३०० मिलिसेकंद म्हणजे १३ मीटर गाडी न बघता पुढे गेली.

जुन्या कार्डाचे आकडे: उघड्या माळावर ३१ फ्रेम, कार्ड ९९ टक्क्यांवर. कोलोन मुख्य स्थानकात २२. मेमरी दोन्हीकडे काठोकाठ, ३.८ ते ३.९ जीबी. सुळके बहुतेक वेळा मार्गाचा पुढचा तुकडा लोड होताना.

या सुळक्यांचं कारण मेमरीत होतं. १०५० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ११२ जीबी वेगाने वाचली जाते. ती भरली की उरलेले टेक्श्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) मुख्य रॅममधून पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या दुव्यावरून, मागवावे लागतात, आणि ३.० पिढीच्या १६ लेनमधून सेकंदाला १६ जीबीच्या आसपासच येतं. सातपट चिंचोळा रस्ता. ट्रेन सिममध्ये हे जास्त जाणवतं, कारण आपण एका खोलीत फिरत नाही, दर काही सेकंदांना नवा परिसर समोर येत राहतो: नवी गावं, नवी झाडं, शेजारच्या रुळावरून येणारी दुसरी गाडी.

बसवताना

१०५० टीआय ७५ वॅटचं, सगळी वीज स्लॉटमधूनच घेणारं. ३०६० ला १७० वॅट लागतात आणि ८ पिनची वेगळी केबल. माझा पॉवर सप्लाय ४०० वॅटचा होता आणि त्याला ती केबलच नव्हती. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या टोकाला जोडायचं अ‍ॅडॉप्टर मिळतं, ते मी लावलं नाही आणि कुणीही लावू नये. साटाचं टोक १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच झेपणारं असतं, कार्डाने त्यातून दीडशेच्या घरात ओढलं तर प्लास्टिक वितळतं. ३०६० साठी ५५० वॅटची शिफारस आहे, तेवढा सप्लाय घेतला. या एका खरेदीमुळे बेत दोन आठवडे लांबला, पण घाई केली नाही याचं समाधान आहे.

जुने ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरने पुसले. कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा कार्डाच्या टोकाला अडत होता, चार स्क्रू काढून तो बाजूला केला. कार्ड स्लॉटमध्ये दाबल्यावर खटका ऐकू यायलाच हवा. माझं पहिल्यांदा अर्धवटच बसलं होतं, मागच्या पट्टीचा स्क्रू तिरका जायला लागला तेव्हा लक्षात आलं.

चालू झाल्यावर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर १६ लेन दिसल्या, पण पिढी १.१. क्षणभर धस्स झालं. रिकामं असताना कार्ड वीज वाचवायला दुव्याचा वेग खाली आणतं, त्यामुळे तिथेच प्रश्नचिन्हाचं बटण दाबून कार्डाला थोडं काम द्यायचं. आकडा लगेच ३.० झाला.

पहिली फेरी, जिच्यावर विश्वास ठेवायचा नाही

पहिल्या फेरीत गचके आधीपेक्षा जास्त आले. ड्रायव्हर बदलला की शेडर (प्रकाश-रंग ठरवणारे कार्डावरचे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार होतात, आणि ते मार्गावर जसजसं काही नवं दिसेल तसतसं होतं. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या वहीत मांडल्याच नाहीत. तीच गाडी, तीच वेळ, तेच हवामान ठेवून तिसरी फेरी मोजली.

सेटिंग जुनंच, रेझोल्यूशन ८० टक्के. माळावर ३१ चे ७८ झाले. मेमरी साडेपाच जीबीपर्यंत चढली, म्हणजे जुन्या कार्डात दीड जीबी सामान उंबऱ्याबाहेर ताटकळत होतं. मार्गाच्या तुकड्यांवरचे सुळके आता ६०–७० मिलिसेकंदांचे. डोळ्याला कळतात, पण हात चुकत नाही.

मग कोलोन. २२ चे ३८. चांगलंच, पण माळावर अडीचपट आणि इथे पावणेदोनपट असं का? कार्डाचा वापर बघितला तर ४५ टक्के. एवढं ताकदवान इंजिन आउटरला उभं!

फलाट, छत, खांब, दिवे, तारा, प्रवासी, आठ-दहा उभ्या गाड्या. यातली प्रत्येक वस्तू काढायची आज्ञा आधी प्रोसेसर तयार करतो आणि मग ती कार्डाकडे जाते. या कामाचा मोठा भाग एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच ओळीत, चालतो, त्यामुळे सहा कोअर असूनही एकच घामाघूम आणि बाकीचे निवांत. आय५-८४०० चा एकूण वापर ५० टक्के दिसतो आणि माणूस समजतो की प्रोसेसर मोकळा आहे. आफ्टरबर्नरमध्ये प्रत्येक थ्रेड वेगळा लावा, मग खरं चित्र दिसतं. कार्ड घेण्याआधी तुमच्या सगळ्यांत गर्दीच्या स्थानकात कार्डाच्या वापराचा आकडा नक्की बघा. तिथे कार्ड आत्ताच ६० टक्क्यांवर असेल तर नव्या कार्डाने त्या स्थानकात फ्रेम वाढणार नाहीत.

पण मोकळं कार्ड वाया जात नाही

मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे ते याबद्दल.

कोलोनला अर्ध्याहून अधिक कार्ड रिकामं होतं. मग त्याला असं काम द्यायचं, ज्याचा प्रोसेसरवर भार पडत नाही. रेझोल्यूशन ८० वरून १४० टक्क्यांवर नेलं. चित्र आता २६८८ बाय १५१२ मध्ये तयार होतं आणि मॉनिटरला बसेल एवढं लहान करून दाखवलं जातं. पिक्सेल तिपटीहून थोडे जास्त. कोलोनचा आकडा ३८ वरून ३७. कार्डाचा वापर ९२ टक्के. एका फ्रेमच्या मोबदल्यात तिप्पट पिक्सेल!

आणि पडद्यावर काय झालं ते सांगतो. ओव्हरहेड वायर ही ट्रेन सिमची खरी परीक्षा. पातळ, तिरकी, उजळ आभाळासमोर, आणि सतत सरकणारी. जुन्या चित्रात ती तुटक दिसायची, जणू ठिपके ठिपके धावताहेत. लांबचे स्लीपर एकमेकांत मिसळून रुळांवर लहरी उठायच्या. आता वायर खांबापासून खांबापर्यंत सलग दिसते, दोन तारांमधल्या उभ्या जोडतारासुद्धा मोजता येतात. स्लीपर पार वळणापर्यंत वेगळे दिसतात. आणि सिग्नल! ४०० मीटरवर त्याचा रंग ठरतो, चाचपडावं लागत नाही. यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

व्ह्यू डिस्टन्स (किती लांबचं दाखवायचं) आणि सावल्या मात्र एक पायरी खालीच ठेवल्या. दोन्हींत प्रोसेसरच्या आज्ञा वाढतात, आणि तिथे आधीच टंचाई आहे. टेक्श्चर सर्वोच्च, मेमरी १२ जीबी असल्यावर विचारच नको.

तीस की चाळीस

१४० टक्क्यांवर माळावर ५१, कोलोनला ३७. मोकळं सोडलं तर आकडा मोठा दिसतो, पण गाडी मऊ चालत नाही. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांना चित्र बदलतो. ४० फ्रेम असतील तर एक फ्रेम एक ठोका टिकते, पुढची दोन ठोके, परत एक, परत दोन. बाजूचे खांब लंगडत जातात. ३० ला प्रत्येक फ्रेम बरोबर दोन ठोके. मी रिव्हाट्यूनरमध्ये ३० ची मर्यादा घातली आणि आलेख आडव्या रेघेसारखा झाला.

३० ऐकून नाकं मुरडली जातील, मला ठाऊक आहे. नेमबाजीच्या खेळाला हे चालणार नाही. गाडी हाकताना नजर लांब असते, कॅमेरा गरकन फिरत नाही, आणि डोळ्याला समान ठेका हवा असतो. ज्यांच्याकडे अ‍ॅडाप्टिव्ह सिंकचा, म्हणजे फ्रेमच्या ठेक्याशी स्वतः जुळवून घेणारा, मॉनिटर आहे त्यांनी मर्यादा वर न्यावी.

मर्यादेचा आणखी एक फायदा कानाला कळला. मोकळं असताना कार्ड १७० वॅटला भिडायचं आणि पंख्यांचा आवाज मोटारींच्या आवाजावर चढायचा. मर्यादा घातल्यावर माळावर १०० वॅटच्या आसपास. टॅलेंट २ निघताना मोटारींचा सूर पायरीपायरीने चढतो, तो आता हेडफोनशिवाय ऐकू येतो.

रॅम

कोलोनला प्रोसेसर तोकडा पडतो हे कळल्यावर बायोस, म्हणजे मदरबोर्डची मूळ सेटिंग, उघडलं. रॅम २१३३ वर चालत होती, कारण एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या ठरलेल्या वेगाने चालवायचं सेटिंग, कधी चालूच केलं नव्हतं. ते चालू करून २६६६ वर आणलं. मर्यादा काढून मोजलं तर कोलोन ३७ वरून ४०. फुकटचे तीन फ्रेम, दोन मिनिटांचं काम. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

जुनं ट्रेन सिम्युलेटर क्लासिक

२००९ च्या रेलवर्क्सपासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर, पायाशी डायरेक्टएक्स ९ हे जुनं ग्राफिक्स तंत्र. प्रोसेसरच्या एका थ्रेडवरच सगळा डोलारा. नवं कार्ड इथे ३० टक्केसुद्धा वापरलं जात नाही आणि गर्दीच्या स्थानकात फ्रेम जवळजवळ तेवढेच राहिले. फायदा एकच, पण मोठा: अँटी-अलायझिंग (कडांचे दाते घालवणं) २×२ सुपरसॅम्पलिंगवर, म्हणजे दुप्पट रुंदी-उंचीत चित्र काढून लहान करण्यावर, नेता आलं आणि तारांचं लुकलुकणं थांबलं. २०१८ मध्ये आलेली ६४ बिट आवृत्तीच चालवा, ३२ बिटमध्ये मेमरीची ४ जीबीची भिंत अजून तशीच आहे आणि ती कुठल्याही कार्डाने हलत नाही.

काल रात्रीची फेरी

आखेनहून कोलोन, पाऊस, दिवे लागलेले. ड्यूरेन मागे टाकलं. वायपर काच पुसून बाजूला झाला आणि लांबवर दोन खांबांच्या मध्ये पिवळा ठिपका दिसला. हिरवा नाही, पिवळाच. पॉवर बंद केली, बोट कळीवर ठेवलं. चुंबकावरून जाताच दाबली. निळा दिवा लुकलुकायला लागला. पीझेडबीच्या नियमाप्रमाणे आता २३ सेकंदांत ताशी ८५ च्या खाली यायचं. ब्रेक हळूच लावला, काटा १४०, ११०, ९०, आणि ८२ वर स्थिरावला तेव्हा वेळ शिल्लक होता. फ्रेम-टाइमच्या रेघेवर त्या सगळ्या पट्ट्यात एकच टेंगूळ, ४८ मिलिसेकंदांचं.

मुख्य सिग्नल मी पोचेपर्यंत मोकळा झाला होता. कोलोनला दीड मिनिट उशीर. पुढच्या नोंदीत त्याच मदरबोर्डवर आय७-८७०० बसवून हेच स्थानक पुन्हा मोजणार आहे, सेटिंग आणि हवामान आत्ताचंच ठेवून.