मायएसक्यूएल ८.० ते पोस्टग्रेस १७: डेटा हलवताना वाटेत कुठे काय अडते

वाट अशी: मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमधून पोस्टग्रेस १७ या दुसऱ्या डेटाबेसमध्ये, ३२ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर, मजकूर बराचसा मराठी. ८.० च्या अधिकृत पाठिंब्याची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे या वाटेने बरेच जण निघाले आहेत. निघताना सगळे मोठ्या मर्यादा पाहतात: एका टेबलाला ३२ टीबी, एका मूल्याला १ जीबी, टेबलाला १६०० कॉलम. यातली एकही सहसा आडवी येत नाही. अडवतात त्या मूळ (डिफॉल्ट) सेटिंग्ज, ज्या लहानशा यंत्रावरही सर्व्हर सुरू व्हावा म्हणून मुद्दाम तोकड्या ठेवलेल्या असतात. आणि काही बारीक मर्यादा, ज्यांच्याकडे कुणाचे लक्ष नसते.

निघण्यापूर्वी

पहिली तपासणी नावांची. मायएसक्यूएलमध्ये टेबलाचे किंवा कॉलमचे नाव ६४ अक्षरांचे चालते; पोस्टग्रेस ६३ बाइट मोजतो. इंग्रजी नावांत फरक एका अक्षराचा. देवनागरीत मात्र प्रत्येक वर्ण, काना, वेलांटी, हलन्त यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, म्हणजे हाती उरतात फक्त २१. 'मालमत्ता_कर_थकबाकी_वसुली' हे नाव ६६ बाइटांचे भरते. पोस्टग्रेस त्याचे 'मालमत्ता_कर_थकबाकी_वसुल' करतो आणि पुढे जातो. चूक दाखवून थांबत नाही, नुसती नोटीस देतो, आणि लांबलचक स्क्रिप्टच्या आउटपुटमध्ये ती कुणाच्या नजरेस पडत नाही. क्वेरीतले नावही तसेच कापले जाते, म्हणून क्वेरी चालतेच. पण उत्तरातला कॉलम नावाने शोधणारा अहवालाचा कोड रिकामा राहतो. पहिले ६३ बाइट सारखे असलेली दोन टेबले असतील तर दुसरे बनतच नाही. मायएसक्यूएलच्या इन्फर्मेशन स्कीमावर, म्हणजे टेबल-कॉलमांची नावे जिथे नोंदलेली असतात तिथे, लेंग्थ फंक्शन लावा (ते बाइट मोजते, कॅरेक्टर लेंग्थ अक्षरे मोजते) आणि ६३ च्या वरची नावे आधीच बदलून घ्या.

दुसरी तपासणी आकड्यांची. पोस्टग्रेसमध्ये अनसाइन्ड, म्हणजे ऋण संख्या न घेणारा प्रकार नाही. अनसाइन्ड इंट ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो, इथला इंटिजर २,१४,७४,८३,६४७ ला संपतो; म्हणून सरळ बिगइंट घ्या. अनसाइन्ड बिगइंटला २० अंकी न्यूमेरिक लागतो. जुन्या टेबलांत '००००-००-००' अशा तारखा दडलेल्या असतात, त्या आधी नल (मूल्य नसलेल्या) करा.

वाटेत

भरणीसाठी एकेक इन्सर्ट नको, घाऊक भरणीची कॉपी ही आज्ञा वापरा. मायएसक्यूएलच्या सिलेक्ट इन्टू आउटफाइलची मूळ मांडणी (टॅबने वेगळे रकाने, नलसाठी बॅकस्लॅश एन) कॉपीच्या मूळ मांडणीशी जुळते. अडचण शून्य बाइटची: मायएसक्यूएलच्या मजकुरात तो राहू शकतो, पोस्टग्रेसच्या टेक्स्टमध्ये नाही. अशी एक ओळ आली की पूर्ण कॉपी रद्द होते, म्हणून मोठी टेबले तुकड्यांत आणा.

भरणीपुरत्या दोन सेटिंग्ज वाढवा. मॅक्स वॉल साइझ, म्हणजे बदलांच्या नोंदवहीची (वॉल) मर्यादा, मुळात १ जीबी आहे. मोठ्या भरणीत ती भराभर भरते आणि चेकपॉइंटमागून चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणे) होऊन डिस्क दमते. लॉगमध्ये चेकपॉइंट फार लवकर होत असल्याची सूचना दिसली की कारण हेच. १६ जीबी करा, पण तेवढी जागा डिस्कवर मोकळी आहे ना ते पाहा. मेंटेनन्स वर्क मेम, म्हणजे इंडेक्स बांधण्यासारख्या कामांची मेमरी, ६४ एमबी आहे, ती २ जीबी करा आणि इंडेक्स भरणीनंतरच बांधा. एफसिंक (लिहिलेले खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद करण्याचा सल्ला कुठे वाचलात तर मानू नका; मध्येच वीज गेली तर पूर्ण डेटाबेस खराब होऊ शकतो.

शेअर्ड बफर्स (डेटाची पाने धरून ठेवणारी पोस्टग्रेसची सामायिक मेमरी) १२८ एमबीवरून ८ जीबी, म्हणजे रॅमच्या पाव हिश्श्यावर न्या. याला रीस्टार्ट लागतो. एकक लिहायला विसरू नका: नुसता आकडा ८ केबीच्या पानांत मोजला जातो. बदल करूनही जुनेच मूल्य दिसत असेल तर कुणीतरी आधी आल्टर सिस्टिम ही सेटिंग बदलणारी आज्ञा चालवलेली असते. त्याची ऑटो फाइल मुख्य कॉन्फिग फाइलवर मात करते. पीजी सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये मूल्य कुठल्या फाइलमधून आले आणि रीस्टार्ट बाकी आहे का, दोन्ही कळते.

इंडेक्स बांधताना लांब मराठी मजकूर अडतो. बी-ट्रीची, म्हणजे नेहमीच्या इंडेक्सची, एक नोंद २७०४ बाइटांच्या वर जाऊ शकत नाही. मोठी मूल्ये आधी दाबून पाहिली जातात, म्हणून एक परिच्छेद मावतो आणि तेवढाच दुसरा मावत नाही. चाचणीच्या डेटावर बांधलेला इंडेक्स खऱ्या डेटावर कोसळतो तो यामुळेच. नुसती समानता तपासायची असेल तर हॅश इंडेक्स पुरतो.

पोचल्यावर

सीक्वेन्स (नवे आयडी क्रमाने देणारे मोजमाप) आलेल्या सर्वांत मोठ्या आयडीच्या पुढे सरकवा, नाहीतर पहिलाच नवा इन्सर्ट डुप्लिकेट कीवर आपटेल. मग ॲनालाइझ चालवा, म्हणजे क्वेरीची आखणी करायला टेबलांची ताजी आकडेवारी मिळते.

कनेक्शनची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. ॲपला उरतात ९७. मायएसक्यूएलमध्ये १५१ असतात. प्रत्येकी ३० कनेक्शन उघडी ठेवणारे (पूल) चार ॲप सर्व्हर तिथे सुखाने चालले असतील, इथे १२० होऊन अडतील. मर्यादा ५०० करणे हा उपाय नव्हे, कारण इथे प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस. मध्ये पीजीबाउन्सर ठेवा; तो थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देतो. पण त्याचाही पूल मोड मुळात सेशन असतो (ॲप जोडलेले असेपर्यंत कनेक्शन त्याचेच), तो ट्रान्झॅक्शन (एका व्यवहारापुरतेच) केल्याशिवाय फारसा फायदा नाही.

वर्क मेम, म्हणजे क्वेरीतल्या सॉर्ट-हॅशसाठीची मेमरी, ४ एमबी आहे. ती कनेक्शनमागे नसून प्रत्येक सॉर्टमागे, प्रत्येक हॅशमागे असते, म्हणून सगळ्यांसाठी २५६ एमबी करू नका. जड अहवालाच्या सेशनपुरती वाढवा.

ॲपमधल्या घाऊक इन्सर्टकडेही पाहा. एका क्वेरीत ६५,५३५ पॅरामीटर बसतात. १२ कॉलमच्या टेबलात ५४६१ ओळी झाल्या की संपले. हजार-हजारांच्या तुकड्यांत पाठवा.

ऑटोव्हॅक्यूम मृत (बदललेल्या किंवा पुसलेल्या) ओळी आपोआप झाडतो; त्याचे प्रमाण ०.२ असते. १० कोटी ओळींच्या टेबलात सुमारे २ कोटी मृत ओळी साचेपर्यंत तो हलत नाही. अशा टेबलापुरते ते ०.०२ करा.

पार्टिशन (एका मोठ्या टेबलाचे तुकडे) खूप असतील तर मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन तपासा; क्वेरी वापरत असलेल्या प्रत्येक टेबलावर आणि इंडेक्सवर लॉक घेते. मूळ ६४ गुणिले १०० कनेक्शन, म्हणजे साधारण ६४०० लॉकची सामायिक जागा. १००० पार्टिशन आणि प्रत्येकावर ६ इंडेक्स असतील, तर पार्टिशन-कीची अट न घातलेली एकच क्वेरी ७००० लॉक मागते आणि शेअर्ड मेमरी संपल्याचा संदेश येतो. रॅम वाढवून हा संदेश जात नाही. हे मूल्य २५६ करून रीस्टार्ट दिला की जातो.