लेकीच्या चष्म्याची काच

परवा लेकीचा नवीन चष्मा केला, नंबर मायनस साडेचार, आणि दुकानदार लगेच म्हणाला की १.६७ इंडेक्सची काच घ्या (इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वळवते तो आकडा, जितका जास्त तितकी काच पातळ), एकदम पातळ होईल. होते पातळ, खरंय, पण पोरगी रोज खो-खो खेळते, तिला आधी सहज न फुटणारी काच पाहिजे, म्हणून मी पॉलिकार्बोनेटच घेतली, इंडेक्स १.५९, सीआर-३९ म्हणजे नेहमीच्या साध्या प्लास्टिक काचेपेक्षा पातळ, हलकी आणि यूव्ही पण अडवते. एकच आहे, तिची अबे व्हॅल्यू (हा आकडा जितका कमी तितके काचेतून रंग जास्त वेगळे होतात) ३० च्या आसपास, सीआर-३९ ची ५८, त्यामुळे कडेने बघितलं की ट्यूबलाइटला रंगीत किनार दिसते, लेकीने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. चरेही लवकर पडतात, हार्ड कोटिंग घ्याच. आणि ओढणीने कोरडी पुसू नका, आधी नळाखाली धरा.