पुणे-नागपूर : विमान सव्वा तासाचं, पण दिवस अर्धा जातोच

सासरवाडी नागपूरची, त्यामुळे ऑफिसात कुणाचं विदर्भात लग्न निघालं की मलाच विचारतात, विमानाने किती वेळ लागतो रे? सव्वा तास, फार तर दीड, असं सांगितलं की समोरचा खूश होतो आणि सकाळी घरी पोहे खाऊन निघू, दुपारच्या पंगतीला बसू असा हिशोब करून मोकळा होतो!

आता अंतराचं बघा. सरळ रेषेत पुणे ते नागपूर साधारण ६०० किमी. रस्त्याने सातशेच्या वर जातं, आणि रेल्वेने तर ८८० च्या आसपास, कारण गाडी आधी दौंड, मग नगरवरून मनमाड, तिथून जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा असा अख्खा महाराष्ट्र फिरवून आणते. वंदे भारतलाही १२ तास लागतात ते त्यामुळेच.

मग ताशी ८०० च्या वेगाने ६०० किमी म्हणजे पाऊण तास व्हायला पाहिजे ना? पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून तिकडे जाऊन थांबलं तिथपर्यंतची असते, म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, नंबर लागायची वाट बघणं सगळं त्यात आलं. पुण्याचं लोहगाव विमानतळ मुळात एअर फोर्सचं, समोरून दोन सुखोई लढाऊ विमानं कानठळ्या बसवत उडाली की आपण खिडकीला नाक लावून बसायचं (पोरं जाम खूश असतात, तक्रार नाही). वर गेल्यावरही फुल स्पीड थोडाच वेळ, चढण्यात आणि उतरण्यातच निम्मा प्रवास संपतो. ट्रॉली बाराव्या रांगेपर्यंत येते न येते तोच बेल्ट बांधा म्हणून घोषणा, मागच्यांचा चहा राहिलाच. हेच अंतर एटीआरने, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाने कापायचं तर अजून वेळ, ते ताशी ५०० च्या आसपासच जातं. थंडीत वरचे वारे पश्चिमेकडून येतात त्यामुळे जाताना पाच-दहा मिनिटं वाचतात आणि येताना तीच परत द्यावी लागतात.

पण खरा वेळ खातं ते आपलं पुणं. कोथरूडहून लोहगाव, संध्याकाळी नगर रोडला अडकलात तर दीड तास धरा. मेट्रो रामवाडीपर्यंत आहे, वनाजला बसा आणि पुढे रिक्षा करा, मी हल्ली तेच करतो. बॅग टाकायची असेल तर काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे दीड तास आधी पोचा. तिकडे नागपूरला मात्र सोनेगाव विमानतळ शहरातच, बाहेर पडलात की अर्ध्या तासात सीताबर्डी, म्हणजे शहराच्या मध्यावर. एकूण दारापासून दारापर्यंत पाच तास होतातच.

आमचे सासरे अजूनही म्हणतात, अहो जावईबापू, संगमवाडीहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरा, झोपून या. एकटा असेन तर मला ते पटतं सुद्धा, दिवाळीत तिकीट दुप्पट-तिप्पट झालं की जास्तच पटतं. लहान पोरं बरोबर असतील तर मात्र विमानच, आणि तेही सकाळचं पहिलं, कारण पहाटे पाचला नगर रोड मोकळा असतो.