अँड्र्यू वॉटसनच्या आईचं नाव

ग्लासगोच्या क्रॉसहिल भागातल्या एका बोलिंग क्लबच्या भिंतीवर १८८२ चा फुटबॉल सामना रंगवलाय. स्कॉटलंड पाच, इंग्लंड एक. त्या चित्रातला काळा खेळाडू पाहून मी थबकलेच. १८८२! आपल्याकडे तेव्हा ‘केसरी’ सुरू होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं.

तो अँड्र्यू वॉटसन. त्याआधी १२ मार्च १८८१ ला लंडनच्या ओव्हलवर त्याच्याच कप्तानपदाखाली स्कॉटलंडने इंग्लंडला ६-१ असं लोळवलं होतं. घरच्या मैदानावर इंग्लंड आजतागायत याहून मोठ्या फरकाने हरलेलं नाही. तो खेळायचा ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबकडून, हौशी म्हणून. स्कॉटलंडमध्ये पैसे घेऊन खेळायला १८९३ पर्यंत मुभाच नव्हती. मग घर कशावर चालायचं? या एका प्रश्नापायी मी त्याच्या घराण्याच्या मागे लागले.

इथल्या दप्तरांचं कौतुक करावं तितकं थोडं. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सक्तीची नोंद आहे. लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदीतही आईवडील दोघांची नावं, आणि आईचं माहेरचं आडनाव! इंग्लंडच्या मृत्युनोंदीत आईवडिलांचा पत्ताच नसतो. शिवाय दर दहा वर्षांची शिरगणती, घरातल्या प्रत्येकाच्या नावानिशी, शंभर वर्षांनी सगळ्यांना खुली. वर्तमानपत्रांत नुसतं ‘ए. वॉटसन’ छापून यायचं, त्यातून माणूस सापडतो तो अशा कागदांमुळे. तो ऑस्ट्रेलियात वारला असंच पूर्वी लिहिलं जायचं. संशोधकांनी नोंदी जुळवल्या तेव्हा कळलं, की तो मार्च १९२१ मध्ये लंडनजवळ क्यू इथे न्यूमोनियाने गेला आणि रिचमंडच्या दफनभूमीत आहे. त्या वर्षीची शिरगणती जूनमध्ये झाली, म्हणून तीत तो नाही.

मी हे एका दफ्तरखान्यात शोधत होते. तिथले एक आजोबा मदतीला आले, जुनं अक्षर कसं वाचायचं ते शेजारी बसून शिकवलं. निघताना म्हणाले, “तुमच्याकडे असं काही नसेल ना?” मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. मला मात्र ते लागलं. आमच्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत माझ्या पणजोबांच्या वडिलांची मोडीतली सही आहे, हे मी त्यांना चांगलं अर्धा तास सांगितलं. माझ्या आजोबांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून ठोकून दिली होती, हे नाही सांगितलं. का सांगावं? सरकारी कागद नव्हता म्हणून आम्हाला पूर्वज नव्हते असं थोडंच आहे!

आणि इथले कागद तरी कुणासाठी जपले? वॉटसन १८५६ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयाना या वसाहतीत, डेमेरारात जन्मला. वडील पीटर मिलर वॉटसन हे तिथल्या उसाच्या मळ्यांच्या धंद्यातलं स्कॉटिश बडं प्रस्थ. ते वारले तेव्हा मुलगा बारा-तेरा वर्षांचा, पण वारसा भक्कम. ग्लासगो विद्यापीठ, क्लब, हौशी फुटबॉल, सगळं त्यावर. घर कशावर चालायचं त्याचं हे उत्तर, आणि ते गोड नाही. गुलामगिरी उठवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना दमडी नाही. त्या पैशांच्या नोंदी मात्र जपून ठेवल्या आहेत. मग १८३८ पासून त्याच मळ्यांवर कलकत्त्याहून आपले मजूर नेले.

आईचं नाव हॅना रोज, तिथलीच. एवढंच. बापाच्या नातेवाइकांबद्दल पानंच्या पानं सापडतात. हिच्याबद्दल मला एक ओळ मिळाली. इतक्या कौतुकाच्या दप्तरात ही गत, याचा मला खरंच राग आला.

त्या रागातच नाशिकच्या चुलतभावाला फोन करून आमच्या वहीत आज्या-पणज्या आहेत का ते बघायला सांगितलं. आहेत, काहींची नावं आहेत, पण सासरची. उपाध्ये आपण सांगू तेच लिहितात. डिसेंबरात येईन तेव्हा आईच्या आणि दोन्ही आज्यांच्या माहेरच्या नावागावांसकट नोंद करणार आहे. पणजीचं माहेर चांदवडकडचं होतं असं आत्या म्हणते. गाव नक्की कोणतं, घरात कुणाला आठवत असेल तर कळवा.